गर्भाशयातल्या गाठी: पिशवी काढायची, गाठी काढायच्या, की आणखी काही?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच असते, आज वेगळंच घेऊन आलेय.

वय ४३, मुलगी दहावीत. गेली दीड-दोन वर्षं पाळीत अंगावरून फार जातंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीवर काळी ओढणी दुमडून ठेवते आणि मीटिंग संपली की सगळे गेल्याशिवाय उठत नाही. वय झालं म्हणून अंगावर काढलं. गेल्या महिन्यात एक जिना चढून धाप लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४. सोनोग्राफीत तीन गाठी निघाल्या: एक ६.८ सेंमी, एक ३ आणि एक २ सेंमीची.

पहिल्या डॉक्टर म्हणाल्या, "मूल झालंय, आता पिशवीचं काय काम? काढून टाकू. पुढच्या मंगळवारी या." दुसऱ्या म्हणाल्या गाठी तेवढ्या काढता येतील, पण पुन्हा होऊ शकतात. नणंदेच्या ओळखीत कुणाचं तरी मांडीतून बारीक नळी घालून गाठीचं रक्तच बंद केलं म्हणे. सासूबाईंचं एकच, "माझी ३८व्या वर्षी काढली, काय बिघडलं माझं?" नवरा म्हणतो तू ठरवशील ते. ऐकायला छान वाटतं, पण ठरवू कशाच्या जोरावर?

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी लिहा. घाबरवलंत तरी चालेल, पण खरं लिहा.

चकली_बिघडली
म्हणजे दिवाळीत तू ७.४ वर अनारसे तळत होतीस? आणि वर आम्हाला जाळी का पडत नाही ते समजावत होतीस. कमाल बाई आहेस. काळजी घे. अनुभव नाही, पण धागा वाचतेय.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन मी करत नाही, ते चालू असताना पेशंट नीट राहावा एवढं बघतो. तेव्हा पहिली गोष्ट: ७.४ वर ठरवून करायच्या ऑपरेशनला पुढच्या मंगळवारी जाऊ नका. रक्त थांबतच नाहीये अशी वेळ असेल तर गोष्ट वेगळी, मग रक्त चढवून करतात. तुम्ही ऑफिसला जाताय म्हणजे हाताशी वेळ आहे. शिरेतून आयर्नचं सलाईन मिळतं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. एका वेळी १००० मिग्रॅपर्यंत देता येतं. साधारण तीन-चार आठवड्यांत दोनेक अंकांनी वर याल. सोबत पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या चालतात का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. आधी पायात गुठळी झाली असेल तर त्या देत नाहीत.

दुसरी गोष्ट. गाठी किती आणि केवढ्या, हे सगळे सांगतात. त्या आहेत कुठे? पिशवी म्हणजे एक खोली समजा. गाठ आत खोलीत डोकावतेय, भिंतीत बसलीय, की बाहेरच्या प्लास्टरवर आहे? आत डोकावणारी दोन सेंमीची गाठसुद्धा बाईला आडवी करते. बाहेरच्या अंगाची सात सेंमीची गाठ फार तर लघवीला पळवते, रक्तस्रावाशी तिचा बहुधा संबंध नसतो. रिपोर्टमध्ये सबम्युकोझल (आत डोकावणारी), इंट्राम्युरल (भिंतीतली), सबसिरोझल (बाहेरच्या अंगाची) यातलं काय लिहिलंय? 'टाइप' म्हणून ० ते ८ मधला एखादा आकडा आहे का?

गोदाकाठची
रिपोर्टमध्ये फक्त 'मल्टिपल फायब्रॉइड्स', म्हणजे अनेक गाठी, आणि मापं आहेत. कुठे आहेत ते नाही!

भूलवाला
मग पुन्हा सोनोग्राफी करून घ्या, आणि या वेळी योनीमार्गातून. पिशवीत थोडं सलाईन सोडूनही करतात, त्यात आतला भाग स्वच्छ दिसतो. किंवा एमआरआय. खोलीचा नकाशा नसताना भिंत पाडायला निघाला आहात.

ठाम_मत
मी उलट सांगणार आहे, राग नको. माझी पिशवी १४ आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी झाली होती, सात गाठी, वय ४७. तीन वर्षं 'पाळी जायची वाट बघू' करत घालवली. दोनदा रक्त चढवलं, लेकाच्या मुंजीत मांडवातून उठून जावं लागलं. शेवटी दुर्बिणीतून पिशवी काढली, अंडाशयं ठेवली. तिसऱ्या दिवशी घरी. सहा आठवडे वजन उचललं नाही, भरलेली बादली नाही की कुकर नाही, मुलगा वरण-भात शिकला. आता चार वर्षं झाली, पांढरी सलवार घालते. पिशवी काढणं म्हणजे हार असं जे वातावरण हल्ली तयार झालंय ते मला पटत नाही. गाठी परत होणार नाहीत याची खात्री देणारा उपाय हा एकच आहे.

केवडा
ठाम_मत, तुमची अंडाशयं राहिली, हे एका वाक्यात लिहून गेलात. माझी ३९व्या वर्षी गेली. पिशवीसोबत दोन्ही. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. ऑपरेशन झाल्यावर कळलं. "पुढे कॅन्सर नको म्हणून काढून टाकलं, तुमचंच भलं." संमतीच्या कागदावर माझीच सही होती. भूल द्यायच्या दहा मिनिटं आधी सिस्टरनी पाच पानं पुढे केली, मी चष्मा आधीच काढून नवऱ्याकडे दिला होता.

आठवड्याभरात घाम फुटायला लागला, डिसेंबरात पंखा. आता ४६ आहे, हाडं साठीच्या बाईसारखी म्हणतात. कागद आदल्या दिवशी घरी मागून घ्या. त्यात 'बायलॅटरल सालपिंगो-ऊफोरेक्टमी' असे शब्द असतील तर थांबा आणि विचारा. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंचं, सालपिंगो म्हणजे गर्भनळ्या, ऊफोरो म्हणजे अंडाशयं.

भूलवाला
केवडा, वाचून वाईट वाटलं. पाळी चालू असलेल्या बाईची निरोगी अंडाशयं घरात कर्करोगाचा इतिहास वगैरे ठोस कारण नसताना काढायची नाहीत, हाडं आणि हृदय दोन्हींसाठी. नळ्या काढणं वेगळं. पिशवी काढायचीच असेल तर नळ्याही काढाव्यात असं हल्ली बरेच जण मानतात, कारण अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेच कर्करोग मुळात नळीतून सुरू होतात. आणि अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते, तेही आधी सांगायला हवं. आमच्या लोकांकडून हे सांगणं बऱ्याचदा राहून जातं, कबूल.

बंडू_भाऊजी
बायकांच्या धाग्यावर येतोय, क्षमस्व. नातेवाइकाच्या बाजूने एक सांगतो. बायकोचं ऑपरेशन झालं. दार उघडून डॉक्टर बाहेर आले, हातात स्टीलचा ट्रे. "हे बघा, ही पिशवी, ह्या गाठी." आमच्याकडे पुरावा म्हणून दाखवायची पद्धतच आहे. मी बघितलं आणि भिंतीला धरून खाली बसलो. सिस्टर पेशंटला सोडून मला पाणी पाजत होत्या.

मग ते सगळं फॉर्मलिनच्या बरणीत घालून माझ्याच हातात दिलं, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. रस्त्यापलीकडे लॅब, मध्ये चहाची टपरी. एक ओळखीचे भेटले, म्हणाले, "लोणचं का?"

चकली_बिघडली
बंडू_भाऊजी, मी ऑफिसमध्ये वाचतेय हो!!

भूलवाला
हसा, पण बरणी लॅबला गेलीच पाहिजे. फायब्रॉइडचा कर्करोग होत नाही, मात्र क्वचित गाठ दिसायला फायब्रॉइड आणि निघते सार्कोमा, म्हणजे कर्करोगाची. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. म्हणूनच दुर्बिणीतून मोठी गाठ बाहेर काढताना तिचे यंत्राने तुकडे करण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ साली इशारा दिला. फायब्रॉइड समजून ऑपरेशन झालेल्यांत साधारण ३५० जणींत एक असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. त्यावर वाद झाले, नंतरचे बरेच अंदाज कमी आले. पण तुकडे करायचेच तर पोटात एक बंद थैली सोडून तिच्या आत करतात का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आजीचा_बटवा
आमच्या शेजारणीची ९ सेंमीची गाठ काढ्याने तीन महिन्यांत ४ वर आली. रिपोर्ट डोळ्याने पाहिला आहे. लगेच कापायला धावू नये.

ठाम_मत
सोनोग्राफीवाला बदलला असेल.

आजीचा_बटवा
चेष्टा करा.

भूलवाला
चेष्टा नाही, खरंच तसं होतं. मोजणारा हात बदलला की माप बदलतं. शेजारणीची पाळी जायला आली असेल तर गाठ आपोआपही बारीक होते. ती इस्ट्रोजेनवर जगते. त्यामुळेच मोठ्या ऑपरेशनआधी कधी कधी तीन महिने ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं देतात. पाळी थांबते, गाठ आक्रसते, हिमोग्लोबिन चढतं. बंद केलं की गाठ पुन्हा वाढते, म्हणून तो कायमचा इलाज नाही.

ऊसपट्टा
मी बीडची. वरचं "मूल झालंय, आता पिशवीचं काय काम" वाचलं आणि हात थांबला नाही.

आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांच्या नावावर. पाळीत एक दिवस बसलं की खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून कापणार. फडात ना आडोसा ना पाणी. पोटात दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की सोनोग्राफी, "गाठ आहे, कॅन्सर होईल, पिशवी काढ." पंचविशी-तिशीतल्या पोरी. काढायला पुन्हा मुकादमाकडून उचल, आणि ती फेडायला पुन्हा फड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, त्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी मोठी जाऊ त्यातलीच. कंबर धरून चालते, वय ३६. तिला गाठ खरंच होती का, हे सांगणारा एकही कागद घरात नाही.

पेन्शनर_पुणे
विषय गंभीर आहे, मात्र धागाकर्तीचा प्रश्न वैद्यकीय आहे. त्यात ऊसतोड आणून राजकारण नको, असे वाटते.

केवडा
काका, राजकारण कुठे दिसलं तुम्हाला? माझा एसी दवाखाना होता आणि तिच्या जावेचा साधा. वाक्य तेच, "तुमचंच भलं."

ऊसपट्टा
ठाम_मत ताईंसारखं ज्यांना खरंच लागतं त्यांनी करावं, माझं म्हणणं नाही. सुप्रीम कोर्टाने २०२३ साली याच विषयावर निकाल दिला, राज्यांनी विनाकारण पिशवी काढण्यावर देखरेख ठेवावी म्हणून. डॉ. नरेंद्र गुप्ता यांची याचिका होती, २०१३ची. तिच्यात बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या बायका होत्या. म्हणजे हे एकट्या बीडचं नाही.

ठाम_मत
ऊसपट्टा, पटलं. मी ४७ची, दोनदा रक्त चढवलेली, कागद समोर असलेली. माझी गोष्ट जावेच्या गोष्टीशेजारी ठेवू नये कुणी.

धुक्यातली_मराठमोळी
नळी घालून रक्त बंद करतात ते मी केलंय, युकेत, ४५व्या वर्षी. एम्बोलायझेशन म्हणतात. हे गायनॅक करत नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे पडद्यावर बघत नळीतून इलाज करणारा डॉक्टर, करतो. भारतातल्या माझ्या बहिणीला तिच्या डॉक्टरांनी हा पर्याय सांगितलाच नव्हता, ती माझ्यामुळे विचारायला गेली.

माझी नळी मनगटातून घातली, बऱ्याच जणींना जांघेतून घालतात. भूल फक्त तेवढ्या जागेची. पडद्यावर स्वतःच्या रक्तवाहिन्या दिसतात, एखाद्या झाडाच्या मुळांसारख्या. वाळूसारखे बारीक कण सोडतात, आणि गाठीकडची मुळं एकेक करून पडद्यावरून नाहीशी होतात. इथवर मजा वाटत होती.

मग कळा सुरू झाल्या. बाळंतपणासारख्या, पण शेवटी बाळ नाही. पहिली रात्र मॉर्फिनच्या पंपाचं बटण दाबत काढली. पुढचे चार-पाच दिवस कणकण, मळमळ. कुणी "डाग नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी" एवढंच सांगितलं तर अर्धंच सांगितलं समजा. तिसऱ्या महिन्यापासून पाळी माणसात आली. सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये गाठ जवळजवळ निम्मी. गाठ आहेच अजून आत, पण मुकाट आहे.

भूलवाला
सुरेख लिहिलंत. पुस्ती जोडतो: हे तंत्र फायब्रॉइडसाठी प्रथम पॅरिसमध्ये रविना नावाच्या डॉक्टरांनी वापरलं, १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. ते वापरत होते ऑपरेशनआधी रक्त कमी जावं म्हणून. बायकांना इतकं बरं वाटलं की काहींनी ऑपरेशनच नको म्हणून सांगितलं. मात्र हॉलंडच्या एका अभ्यासात दहा वर्षांनी पाहिलं तर यातल्या साधारण एक तृतीयांश जणींना पुढे पिशवी काढावीच लागली होती. २०२०च्या ब्रिटिश अभ्यासात एम्बोलायझेशन आणि गाठी काढणं शेजारी ठेवलं, तर दोन वर्षांनी गाठी काढलेल्या बायकांचं जगणं थोडं जास्त सुधारलेलं दिसलं. पुढे मूल हवं असेल तर सहसा गाठी काढण्याकडेच कल असतो.

अवांतर: गाठी काढून पिशवी राखायच्या ऑपरेशनमागे जो व्हिक्टर बोनी हा इंग्लिश सर्जन हात धुऊन लागला, त्याच्या बायकोचीच पिशवी एका गाठीपायी काढावी लागली होती. मूल झालं नाही त्यांना. रक्त कमी जावं म्हणून त्याने केलेला चिमटा आजही त्याच्या नावाने ओळखतात.

सीमोल्लंघन
गाठी काढल्या म्हणून माझा लेक आहे. ३१व्या वर्षी पोट उघडून पाच गाठी काढल्या. सहा महिने थांबायला सांगितलं, मग दिवस गेले. पिशवी खोलवर शिवलेली असल्याने सिझेरियनच होणार हे आधीच ठरलेलं. गाठी परत आल्या का? हो, दोन आहेत. त्या आणि मी एकमेकींच्या वाटेला जात नाही.

अमेरिकेतली डॉक्टर 'ग्रेपफ्रूटएवढी' म्हणाली. आईला फोनवर सांगितलं. आई म्हणे, "पपनस गं! सरळ बोल ना."

चकली_बिघडली
आमच्याकडचे लिंबू, मोसंबी, नारळ या क्रमाने जातात. दवाखाना की मंडई!

पेन्शनर_पुणे
विम्याबद्दल कोणी लिहिले नाही. पुष्कळ पॉलिस्यांमध्ये फायब्रॉइड व गर्भाशय काढणे यांसाठी पहिले २४ महिने प्रतीक्षा असते. पॉलिसी नवी असल्यास कॅशलेस नाकारले जाते. दाखल होण्यापूर्वी टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) लेखी घ्यावे. एम्बोलायझेशनसाठी तर स्वतंत्रपणे विचारावे.

केवडा
हे कामाचं लिहिलंत काका.

गोदाकाठची
सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, रागावू नका. तीन आठवड्यांचा हिशेब देते.

मंगळवारी गेले नाही. आयर्नचं सलाईन दोनदा घेतलं, आठवड्याच्या अंतराने. सलाईन लावून बसले होते तिथे समोर कॅलेंडर होतं, त्यावर मारुतीच्या गदेचा गोळा अगदी माझ्या ६.८एवढा वाटायला लागला. आता हिमोग्लोबिन ९.८. जिना चढते.

सलाईन सोडून सोनोग्राफी केली. करणाऱ्या मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. मधे काळं पाणी आणि त्यात एका बाजूने डोकावणारा करडा गोळा. "ही बघा तुमची चोर." ३ सेंमीची! टाइप १, म्हणजे अर्ध्याहून जास्त आत आलेली. ज्या ६.८ला मी दोन वर्षांच्या शिव्या घालत होते ती बाहेरच्या अंगाला, टाइप ६, आणि तिचा बहुतेक काही गुन्हाच नाही. २ सेंमीची भिंतीत झोपलेली.

तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले. खालून दुर्बीण घालून तेवढी ३ सेंमीची खरवडून काढता येईल म्हणाल्या. पोटावर टाका नाही, त्याच दिवशी घरी. भूलवाला, ते आत पाणी सोडून करतात त्याचं काय? त्या म्हणाल्या, पाणी जास्त शोषलं गेलं तर अर्ध्यात थांबून दुसऱ्यांदा बोलवीन. ते ऐकून मला भीती वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. ६.८च्या गाठीबद्दल म्हणाल्या सहा महिन्यांनी बघू, मोठी होऊन त्रास द्यायला लागली तर तेव्हा तिचं. पाळी जाईपर्यंत गप्प बसली तर तिलाही राहू द्यायचं.

सासूबाईंना चित्र काढून दाखवलं. बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "माझी कुठे होती, कुणी सांगितलंच नाही." पुढे काही बोलल्या नाहीत.

भूलवाला
अर्ध्यात थांबेन म्हणणारा सर्जन चांगला. आत किती पाणी गेलं आणि किती परत आलं याचा हिशेब सिस्टर दर काही मिनिटांनी ओरडून सांगत असते, आम्ही कान देऊन असतो. सलाईन वापरत असतील तर साधारण अडीच लिटरचा फरक पडला की थांबायचं. आदल्या रात्रीपासून सांगितलं तेवढा वेळ उपाशी राहा. चहासुद्धा नाही. "चहा म्हणजे काही खाणं नाही" हे वाक्य मी रोज ऐकतो.

धुक्यातली_मराठमोळी
कधी आहे?

गोदाकाठची
गुरुवारी. मुलीची सहामाही संपते बुधवारी.

बंडू_भाऊजी
नवऱ्याला सांगा, ट्रे आणला तर आधी बसून घे. आणि बरणी घरून नेलेल्या कापडी पिशवीत.

गोदाकाठची
झालं. गुरुवारी सकाळी आत, संध्याकाळी सातला घरी. एकाच बैठकीत निघाली. पोट जड, थोडं अंगावरून जातंय, बाकी ठीक. ट्रे आणला होता, पण खरवडलेले बारीक तुकडे, किसलेल्या खोबऱ्यासारखे. नवऱ्याने नीट उभं राहून बघितले आणि आता खोबरं खात नाहीये. लॅबचा रिपोर्ट मंगळवारी येईल.

केवडा
संमतीचा कागद?

गोदाकाठची
आदल्या दिवशी आणला. चष्मा लावून, स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून सगळा वाचला. दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह केलं, डॉक्टरांनी दोन्ही समजावलं, एक ओळ खोडली आणि शेजारी सही केली. केवडा, तुझी आठवण आली.

मोगरा_७९
धागा पहिल्यापासून वाचला. माझी एकच आहे पण १२ सेंमी, वय ४१, लघवीला रात्री चारदा उठते, पाळी मात्र व्यवस्थित. रिपोर्टमध्ये 'सबसिरोझल' लिहिलंय. इथेच विचारू की नवा धागा काढू?

चकली_बिघडली
इथेच विचार. सगळे जागेच आहेत.